काचेची नळी आणि छातीतली झडप

भातलावणीच्या दिवसांत महाड-पोलादपूर भागात फुरसं चावलेला माणूस दवाखान्यात आणला, की डॉक्टर आधी एक अगदी साधं काम करतात. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, नळी उभी करून ठेवतात आणि घड्याळ बघतात. वीस मिनिटं त्या नळीला कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती हलकेच आडवी करायची. रक्त दह्यासारखं विरजून जागच्या जागी राहिलं तर त्या घटकेपुरता जीव भांड्यात पडतो, पुन्हा काही वेळाने तीच चाचणी करायची असते. रक्त पाण्यासारखं काठाकडे धावलं तर विष अंगात भिनलं आहे, प्रतिविषाला उशीर चालणार नाही. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. देशभरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी हीच चाचणी सांगितलेली आहे.

महाडचं नाव या विषयात जगभर पोचवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ साली ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन मरणारी माणसं त्यांनी पाहिली आणि प्राझोसिन या गोळीने हे मरण टळतं हे दाखवून दिलं. सर्पदंशावरही त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे रक्त न गोठणं म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांना निराळं समजावून सांगायला नको. मला लिहायचं आहे ते याच्या उलट टोकाबद्दल. हृदयात बसवलेल्या झडपेवर, स्प्रिंगवर, मशीनच्या तारेवर रक्त नको तिथे गोठतं, त्याबद्दल. पण त्याचं मर्म कळायला पुन्हा त्या काचेच्या नळीपाशीच जावं लागतं.

नळी काचेचीच का? प्लॅस्टिकची घेतली तर चाचणी फसते. साबणाने धुतलेली काच घेतली तरी फसू शकते. म्हणजे गोठण्याच्या कामात काचेचाही वाटा असतो. शरीरात रक्त ज्या नळ्यांतून फिरतं त्यांना आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं. हे अस्तर रक्ताला सतत सांगत असतं की बाबा, सगळं ठीक आहे, पातळच राहा. काचेला असं काही सांगता येत नाही. रक्ताचा तिला स्पर्श झाला की काही क्षणांत फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं तिच्यावर चिकटतात, रक्तातला 'बारावा घटक' जागा होतो, तो अकराव्याला उठवतो, अकरावा नवव्याला, आणि शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जाऊन रक्त थिजतं.

या बाराव्या घटकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला जॉन हेगमन नावाचा रेल्वेतला एक ब्रेकमन ऑपरेशनसाठी आला. आधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेना. तरीही त्याला आयुष्यात कधी रक्तस्रावाचा त्रास झाला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी शोध घेतला, तेव्हा त्याच्या रक्तात एक घटकच नाही हे कळलं. १९५५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्या घटकाला हेगमनचंच नाव मिळालं. पुढे १९६८ साली हेगमन वारला तो रक्तस्रावाने नव्हे. कमरेचं हाड मोडून तो अंथरुणाला खिळला होता, आणि फुप्फुसात गुठळी जाऊन त्याचा मृत्यू झाला. ज्याचं रक्त काचेत गोठत नव्हतं त्याचं शरीरात गोठलं. म्हणजे गुठळी व्हायला परका पृष्ठभाग हा एकच रस्ता नाही. प्रवाह मंदावला, अस्तराला इजा झाली, रक्ताची घडण बदलली, यांतलं काहीही पुरे होतं. जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्येच गुठळीची मांडणी केली होती. ही तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवतात.

आता हृदयात बसवलेली धातूची झडप डोळ्यांपुढे आणा. तिन्ही कारणं तिच्यात एकत्र नांदतात. पृष्ठभाग परका. शिवलेल्या कडेला ऑपरेशनमुळे झालेली जखम. आणि बिजागरीच्या खाचेत, चकतीच्या पाठीमागे रक्ताचे छोटे छोटे भोवरे, जिथे प्रवाह रेंगाळतो. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, म्हणजे मायट्रल, ही जास्त धोक्याची, कारण तिथून रक्त कमी दाबाने सरकतं. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून ते जोराने फेकलं जातं, म्हणून तिथे धोका तुलनेने कमी. शिवाय ज्यांची मायट्रल झडप संधिवाताच्या तापाने बिघडलेली असते, त्यांच्या हृदयाचा वरचा कप्पा फुगलेला असतो आणि तो नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत असतो. साचलेल्या डबक्यासारखी तिथली अवस्था.

माणसाच्या हृदयातली बिघडलेली मायट्रल झडप काढून तिथे कृत्रिम झडप बसवण्याचं काम १९६० साली अमेरिकेत ऑरेगनला झालं. सर्जन अल्बर्ट स्टार आणि इंजिनियर लोवेल एडवर्ड्स यांनी आधी निसर्गातल्यासारखी पाकळ्यांची झडप करून कुत्र्यांत बसवली. दोन-तीन दिवसांत पाकळ्यांवर रक्त साकळून कुत्री मेली. मग एडवर्ड्सनी पाकळ्यांचा नाद सोडला आणि तारेच्या पिंजऱ्यात एक गोळी ठेवली. रक्ताने ढकलली की गोळी पुढे जाते, परत येऊन तोंड बंद करते. कुत्री जगली. माणसांत पहिला रुग्ण काही तासांतच दगावला, दुसरा मात्र दहा वर्षं जगला. निसर्गाची नक्कल सोडून दिल्यावर हे साधलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे हे काम त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्याथन यांच्या हाताखाली झालं. परदेशी झडप बहुसंख्य भारतीय रुग्णांना परवडत नव्हती, म्हणून त्यांनी ती इथेच बनवायची ठरवली. पहिले तीन नमुने वाया गेले. एका नमुन्यातली कृत्रिम नीलमण्याची चकती तर मेंढीच्या हृदयात बसवल्यावर तीन महिन्यांनी फुटली. चौथ्या नमुन्यात चकती एका चिवट प्लॅस्टिकची केली आणि चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. आजवर एक लाखाहून जास्त लोकांना ती बसवली गेली आहे. वल्याथन २०२४ साली वारले. कृत्रिम झडप रोज सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. हे वर्षानुवर्षं न झिजता करणारी वस्तू आपल्या देशात तयार होते, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण झडप कितीही चांगली असो, रक्ताला ती आपली वाटत नाही. म्हणून झडपेबरोबर जन्मभराची गोळी येते.

या गोळीचं मूळ गुरांच्या गोठ्यात आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली. बुरशी लागलेलं 'गोड क्लोव्हर' नावाचं गवत खाण्यात आल्याने हे होतं, एवढं कळलं. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. काही वर्षांच्या खटाटोपानंतर गवतातला दोषी पदार्थ सापडला. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ साली माणसांसाठी औषध झालं. आपल्याकडे जास्त चालते ती त्याची बहीण, अॅसिनोकुमॅरॉल, म्हणजे 'अॅसिट्रॉम'. घरोघरी तिचं नाव 'रक्त पातळ करायची गोळी' असं पडलं आहे. खरं तर रक्त पातळ होत नाही. गोठण्याचे काही घटक बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं, त्याचं काम ही गोळी अडवते. त्यामुळे जाळं विणायला उशीर लागतो.

या गोळीने काय साधतं ते १९९४ साली नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं. धातूची झडप असलेल्या शंभर जणांनी काहीच औषध घेतलं नाही, तर वर्षाला चार जणांच्या मेंदूत किंवा दुसरीकडे मोठी गुठळी जाऊन बसते. नुसत्या अॅस्पिरिनसारख्या गोळीवर हे प्रमाण २.२, आणि या गोळीवर साधारण १. म्हणजे चारातले तीन वाचतात. पण त्यासाठी रक्त एका अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. तो पट्टा मोजण्याचं परिमाण म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा आयएनआर १. महाधमनीच्या झडपेसाठी साधारण २ ते ३, मायट्रलसाठी २.५ ते ३.५. खाली घसरला तर गुठळी, वर चढला तर रक्तस्राव.

धरून चला, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एखाद्या वाडीत तिशीतली एक बाई आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, ताप आला, तो ताप हृदयाला चाटून गेला आणि वीस वर्षांनी झडप निकामी झाली. मुंबईला मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून झालं, पैसा लागला नाही. ती परत आली. रात्री सगळं निजल्यावर तिच्या छातीतली टकटक तिला ऐकू येते, शेजारी झोपलेल्या पोरालाही येते. फाइलमध्ये एक चिठ्ठी आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढी गोळी, बाकीचे दिवस तेवढी. आणि महिन्यातून एकदा आयएनआर.

सगळी लढाई इथून पुढे आहे, आणि ती मुंबईच्या ऑपरेशन थिएटरात लढली जात नाही. गोळीचे डोस वेगवेगळ्या वारी वेगवेगळे, अर्ध्या गोळ्या तोडायच्या, दोन रंगांच्या गोळ्या एका डबीत. अॅसिनोकुमॅरॉलचा असर शरीरातून लवकर ओसरतो, म्हणून दोन दिवस चुकली तर आयएनआर घसरलाच समजा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज संध्याकाळी गोळी घेतल्यावर त्या तारखेला खूण करायची, ही माझ्या मते सगळ्यांत भरवशाची युक्ती आहे. मोबाइलचा गजर वाजतो आणि विसरला जातो. भिंतीवरची रिकामी तारीख मात्र घरातल्या सगळ्यांना दिसते.

मग पाऊस येतो. आषाढ-श्रावणात डोंगरावर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते, अळूचं फदफदं होतं, शेवग्याचा कोवळा पाला परतला जातो. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं, आणि गोळी त्याचंच काम अडवायला धडपडते. रोजच्या भात-आमटीवरून एकदम रोज दोन वेळा रानभाजीवर गेलं की आयएनआर खाली येतो. उलट श्रावणातले उपवास, चार दिवसांचा ताप, जुलाब, जेवण तुटणं, यांनी तो वर चढतो. अनेकांना पालेभाजी बंद करा असा सल्ला मिळतो. तो सल्ला मला पटत नाही. गरिबाच्या ताटातली फुकट मिळणारी भाजी काढून घ्यायची कशाला? थोडी, पण रोज सारखीच खावी आणि डोस तिच्यावर बेतावा. बदल झाला तर चाचणी करून घ्यावी.

खाण्यापेक्षा जास्त घोटाळा औषधांचा होतो. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी पोटातून रक्त पाडू शकते. जुलाबावर दिलेल्या मेट्रोनिडॅझोलने आयएनआर झपाट्याने वाढतो. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन तो खाली खेचतं, इतकं की नेहमीचा डोस पुरत नाही. आणि आपल्याकडे बरं वाटावं म्हणून कमरेत सुई मागून घेण्याची जी सवय आहे, ती या माणसांना घातक आहे. स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ होते. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी द्यायचं पेनिसिलिन मात्र सुईनेच द्यावं लागतं, म्हणून ते देणाऱ्याला झडपेची आणि गोळीची कल्पना आधी द्यायला हवी आणि सुईची जागा बराच वेळ दाबून धरायला हवी.

गुठळी झालीच तर कशी कळते? दोन तऱ्हा आहेत. एक, झडपेवरचा तुकडा सुटून रक्ताबरोबर मेंदूत जातो. तोंड वाकडं होतं, एक हात गळतो, बोलणं तुटतं. आपल्याकडे याला वारा गेला म्हणतात आणि मालिशवाल्याकडे नेतात. तसं करू नये. लकवा काही मिनिटांत ओसरला तरी तो इशारा असतो. दुसरी तऱ्हा अधिक फसवी आहे. गुठळी झडपेच्या बिजागरीत बसते आणि चकती नीट हलेनाशी होते. चार-आठ दिवसांत धाप वाढते, आडवं झोपवत नाही, पाय सुजतात, खोकला येतो. लोकांना वाटतं सर्दी छातीत उतरली. यात एक खूण अशी आहे की तिला कुठलंही यंत्र लागत नाही: छातीतली टकटक मंद होते, दबकी होते किंवा थांबते. ज्या घरात ती रोज ऐकली जाते, तिथे हा बदल डॉक्टरांच्या आधी बायकोला, नवऱ्याला, पोरांना कळतो. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला ही गोष्ट मराठीत, तोंडी, दोनदा सांगायला हवी.

रुग्णालयात इकोकार्डिओग्राम करतात, आणि एक्स-रेचा हलता चित्रपट काढून चकती किती उघडते ते बघतात. अडकलेली असेल तर पुन्हा छाती उघडायची किंवा गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं. आपल्या देशात हे औषध बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकायनेज असतं. ते मिळतं स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपासून. ज्या कुळातला जिवाणू लहानपणी घशात बसून झडप बिघडवण्याची सुरुवात करतो, त्याच कुळातला दुसरा जिवाणू तीस वर्षांनी झडपेवरची गुठळी विरघळवायला कामी येतो. दिल्लीच्या एम्समध्ये डावीकडची झडप गुठळीने अडकलेल्या १२० रुग्णांवर या औषधाच्या दोन पद्धती तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दहापैकी सुमारे सहा जणांत गुण पूर्ण आला, आणि औषध भराभर दिल्याने ठळक असा जास्त फायदा दिसला नाही. उरलेल्या चारांचा विचार केला की गुठळी होऊ न देणंच किती महत्त्वाचं, हे कळतं.

तरुण बायकांसाठी याहून बिकट वेळ येते ती दिवस गेल्यावर. पहिल्या तिमाहीत ही गोळी गर्भाच्या हाडांना, नाकाला, मेंदूला अपाय करू शकते. म्हणून काही वेळा ती बंद करून हेपॅरिनच्या सुया देतात. हेपॅरिन बाळापर्यंत पोचत नाही, पण झडपेचं रक्षण ते तितकंसं करत नाही. धातूची झडप असलेल्या २१२ गर्भवतींची नोंद २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आली. त्यांतल्या दहा जणींच्या झडपेवर गुठळी झाली, आणि त्यांतल्या पाच जणींना ती पहिल्या तिमाहीतच झाली. या पाचही जणींना गोळीवरून हेपॅरिनवर आणलेलं होतं. म्हणून लग्नाआधी किंवा मूल ठरवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःच गोळी टाकून देणं ही सगळ्यांत घातक चूक आहे, आणि ती अडाणीपणाने नव्हे तर मायेपोटी होते. घरातल्या बाकीच्यांनी, विशेषतः सासूने आणि नवऱ्याने, हे समजून घ्यायला हवं.

कुणी म्हणेल, हल्ली आयएनआर न करता घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्या का नकोत? धातूच्या झडपेसाठी डॅबिगॅट्रान वापरून पाहिलं गेलं. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून तो प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. २०१३ साली हे जाहीर झालं. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून हृदय थरथरत असलेल्या रुग्णांतही २०२२ साली जुनी गोळीच सरस ठरली, नव्या रिव्हरॉक्साबानवर मृत्यू जास्त झाले. तेव्हा मुंबईहून आलेल्या भाच्याने नवीन गोळी सुचवली, तरी जुनी सोडू नये.

स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, याची गोष्ट थोडी निराळी. तिच्यावर काही महिन्यांत रक्तवाहिनीचं अस्तर चढतं आणि रक्ताला ती दिसेनाशी होते. तोपर्यंत अॅस्पिरिनबरोबर दुसरी एक गोळी घ्यायची असते, ती मध्येच बंद केली तर स्प्रिंगमध्ये गुठळी होऊन मोठा झटका येतो. दात काढायचा म्हणून, मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून कुणीतरी ती बंद करायला सांगतं. ज्यांनी स्प्रिंग टाकली त्यांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. स्प्रिंग टाकताना गुठळी अडवण्यासाठी शिरेतून देण्याचं टिरोफिबान नावाचं एक औषध आहे. ते फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या घडणीवरून बेतलेलं आहे. पेसमेकरच्या, म्हणजे लोक ज्याला मशीन म्हणतात त्याच्या, तारेभोवती खांद्याच्या शिरेत गुठळी झाली तर त्या बाजूचा हात सुजतो, जड वाटतो, छातीवर निळ्या शिरा उमटतात. बहुतेक वेळा ते औषधाने आटोक्यात येतं, पण दाखवायला हवं.

आता परत आयएनआरकडे येतो, कारण मला आग्रहाने जे सांगायचं आहे ते इथेच आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच सुमारास महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर कोसळली. आंबेनळी घाट खचून बरेच दिवस बंद राहिला. अशा पावसात महिन्याची चाचणी चुकते, गोळीची पट्टी संपते. मोठा पूर नसला तरी दर महिन्याला मुंबईची खेप म्हणजे जाऊन-येऊन पावणेचारशे-चारशे किलोमीटर, दोन दिवसांची मजुरी आणि कुणाला तरी सोबत घेणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्याला खेप टळते. झडपेवर गुठळी होते ती बहुधा अशा टळलेल्या खेपांमधून.

पण या चाचणीसाठी वाडीतल्या त्या बाईने मुंबईला जायलाच हवं असं नाही. निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत बरोबर भरलेलं रक्त, टोपण न उघडता, उन्हात न ठेवता, फ्रिजमध्येही न घालता, साधारण चोवीस तास आयएनआरसाठी चालतं. नळी खुणेपेक्षा कमी भरली तर आकडा चुकीचा वाढून येतो, एवढी काळजी रक्त घेणाऱ्याने घ्यायची. म्हणजे पोलादपूरच्या वाडीजवळच्या आरोग्य केंद्रात सकाळी घेतलेलं रक्त दुपारच्या एसटीने महाडच्या लॅबमध्ये पोचू शकतं, संध्याकाळी आकडा फोनवर येऊ शकतो आणि डॉक्टर डोस फोनवरच सांगू शकतात. चाकरमान्यांच्या घरी आंब्याच्या पेट्या आणि डबे एसटीने वर्षानुवर्षं जात आले आहेत. रक्ताच्या नळीला त्याहून कमी जागा लागते.

म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांना, लॅबवाल्यांना आणि आशाताईंना कळकळीची विनंती आहे. आपल्या हद्दीत झडप बसवलेली माणसं किती आहेत याची यादी एका वहीत करा. पावसाळ्याआधी प्रत्येकाकडे दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत का ते बघा. आठवड्यातला एक वार ठरवून त्यांचं रक्त गोळा करून महाडला पाठवा. आणि ज्यांच्या घरी अशी झडप आहे त्यांनी एवढं करा: फाइलच्या पहिल्या पानावर झडपेचं नाव, ती कुठली आहे, मागचा आयएनआर आणि डॉक्टरांचा फोन ठळक लिहून ठेवा. टकटक दबली, धाप वाढली किंवा तोंड वाकडं झालं, तर सकाळच्या गाडीची वाट बघू नका. रात्रीच १०८ ला फोन करा आणि ती फाइल बरोबर घ्या.